एक्केचाळीस नवऱ्या पाहिलेला बाप

शुक्रवारी दुपारी मुतलकच्या घरी मचबूसची परात मांडली होती. त्याने भाताचा पहिला घास उचलला आणि फोन वाजला. फोनवर शहला होती, त्याच्या मुलीच्या लग्नाची फोटोग्राफर.

"काका, रागावू नका. पण येत्या गुरुवारी मला जमणार नाही."

"का गं? बरं नाही?"

"बरी आहे. त्या दिवशी माझं लग्न आहे."

मुतलकने घास परत परातीत ठेवला.

"हे तुला आज कळलं?"

"ठरलंच काल. मुलगा सुट्टीवर आलाय, लग्नानंतरच्या रविवारी परत जाणार."

"बरं, अभिनंदन. मग तुझे फोटो कोण काढणार?"

"तेच शोधतेय, काका. कुणी सापडलं तर मलाही कळवा."

वाचकहो, लग्नाच्या हॉलला झुंबरं किती आहेत हे मोजायला आपण तीनदा जातो. केक किती मजली असावा यावरून दोन घरांची बोलणी मोडायला येतात. फोटोग्राफर मात्र आपण शेजारणीच्या भाचीने सुचवली म्हणून ठरवतो, आणि ती आली नाही की छाती बडवतो. मुतलकनेही तेच केलं होतं. आता हातात सहा दिवस होते.

छाती बडवायला त्याच्याकडे कारणही होतं. बायकांच्या हॉलमध्ये बापाला प्रवेश शेवटची पाच मिनिटं, आणि तोवर नवरी डोक्यापासून पायापर्यंत अबायात झाकलेली. त्याची मुलगी हनूफ पार्लरमधून परस्पर हॉलवर जाणार होती, आणि लग्नानंतर पंधरा दिवसांनी नवऱ्याबरोबर आयर्लंडला, पाच वर्षं शिकायला. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. ही एकुलती एक मुलगी नवरीच्या वेशात कशी दिसली, हे मुतलकला कळण्याची जागा जगात एकच होती. फोटो.

त्याने हनूफला फोन लावला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टर होती.

"बाबा, मंगळवारपर्यंत माझी ड्यूटी आहे. माझं लग्न आहे म्हणून बायका बाळंत व्हायच्या थांबत नाहीत. तुम्हीच बघा."

"मी काय बघणार? मला कुठे बघता येतं?"

"आत्या आहे ना. एकच सांगते. माझे फोटो माझ्या हातात यायला हवेत, आणि फक्त माझ्याच. बाकी कॅमेरा कुठला, अल्बम कसला, मला काही पडलेलं नाही."

"हे काय सांगायला पाहिजे!" मुतलक म्हणाला.

आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण गझवा. या नावाचा अर्थ धाड, आणि आईबापांनी ते विचार करून ठेवलं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हे तिला सोडून सगळ्या जहरा गावाला माहीत होतं. गेल्या ईदला ती चुकून शेजाऱ्यांच्या गाडीत बसली आणि त्यांच्या ड्रायव्हरला उशीर केल्याबद्दल दहा मिनिटं झापत होती. त्या बिचाऱ्याने माफीही मागितली.

थोडक्यात, ज्याला दिसत होतं त्याला बघायची परवानगी नव्हती, आणि जिला परवानगी होती तिला दिसत नव्हतं. ही निवड समिती शनिवारी सकाळी घराबाहेर पडली.

लग्नांचा मोसम होता. बारा जणींना फोन झाले. दहा जणींच्या तारखा गेलेल्या होत्या. उरल्या दोन.

पहिली होती उम्म गानिम. साठीची बाई, घराच्या तळमजल्यावरची एक खोली, एक लोखंडी कपाट. भिंतीवर सहकारी भांडाराचं कॅलेंडर, त्यावर टोमॅटोचं चित्र. एवढाच काय तो खोलीतला फोटो.

"नमुने दाखवा," मुतलक म्हणाला.

"नाहीत."

"संपले?"

"नव्हतेच कधी."

"किती वर्षं करताय हे काम?"

"सत्तावीस."

"आणि सत्तावीस वर्षांत एक फोटो नाही तुमच्याकडे?"

"हजारो काढले. ज्यांचे होते त्या घेऊन गेल्या. अल्बम हातात दिला की नवरीसमोरच कॅमेऱ्यातलं कार्ड कात्रीने कापते. ही बघा कात्री."

तिने खरंच कात्री दाखवली. कात्री चांगली होती, पण तिच्यावरून फोटोचा अंदाज येत नव्हता.

"माझ्या बहिणीला तरी दाखवा. ती बाईमाणूस आहे."

"ज्यांचे फोटो आहेत त्या कुठे ओळखतात तुमच्या बहिणीला?"

"मला अख्खी जहरा ओळखते!" गझवा कपाटाला म्हणाली.

मुतलकचा पारा चढला. "अहो बाई, कलिंगडवालासुद्धा एक कापून दाखवतो!"

"कलिंगडाला बाप नसतो, बू हनूफ."

बू हनूफ म्हणजे हनूफचा बाप. तो बाप ताडकन उठला. बाहेर गाडीत बसल्यावर म्हणाला, "काम येत नसणार. काम येणारा माणूस दाखवतो."

"कपाट मात्र स्वच्छ होतं," गझवा म्हणाली. "पण बोलत नव्हतं काही."

दुसरी होती दीमा. मॉलमध्ये स्टुडिओ, दारात फुलांची कमान, आत गेल्या गेल्या स्ट्रॉबेरीचा रस. दीमाने गझवाच्या हातात टॅबलेट दिला. मुतलक मर्यादा राखून भिंतीकडे तोंड करून बसला. त्या भिंतीवर पाठमोऱ्या नवरीचं मोठं पोस्टर होतं, म्हणून तो दुसऱ्या भिंतीकडे वळला. तिथे आरसा होता आणि आरशात टॅबलेट दिसत होता, म्हणून त्याने डोळे मिटले.

"माशाअल्लाह!" मागून गझवाचा आवाज आला. "काय ही नवरी! पण जरा वयस्कर वाटते."

"आज्जी," दीमा म्हणाली, "मी अजून चालू केला नाहीये."

काळ्या काचेत गझवाला स्वतःचंच तोंड दिसलं होतं. पुढे प्रत्येक फोटोला ती माशाअल्लाह म्हणाली, मग रसाच्या दरपत्रकालाही म्हणाली. मुतलक मिटल्या डोळ्यांनी विचारत होता, "चेहरा नीट आलाय का? डोळे उघडे आहेत का?" आणि गझवा सांगत होती, "सगळं उघडं आहे."

शेवटी दीमा हसली. "काका, तुम्हीच बघा हो. आजकाल सगळेच बघतात. नाहीतर ठरवणार कसं?"

नाहीतर ठरवणार कसं! हे मुतलकला पटलं. आपल्याला आधीपासून करायची असलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली की ती फार लवकर पटते. त्याने टॅबलेट घेतला. पहिली नवरी त्याने अर्ध्या डोळ्याने पाहिली. दहाव्या नवरीपर्यंत दोन्ही डोळे उघडले होते. विसाव्या नवरीला त्याने चष्मा काढला, डोक्यावरच्या गुत्र्याच्या टोकाने पुसला आणि परत लावला. तिसाव्या नवरीला तो म्हणाला, "हिचा उजवा गाल जरा अंधारात आलाय." एकूण एक्केचाळीस. उघडे केस, उघडे दंड, हसऱ्या, काही डोळे पुसणाऱ्या.

"काम झकास आहे," मुतलक म्हणाला. "पण एक अट आहे. माझ्या मुलीचे फोटो फक्त तिच्या हातात जायला हवेत."

"अर्थात, काका! दुसऱ्या कुणाला कशाला दाखवू?" दीमा म्हणाली. टॅबलेटवर अजून एक्केचाळिसावी हसत होती.

तुमच्या लक्षात आलं ना, वाचकहो? मुतलकच्या नाही आलं. दुसऱ्याची ती नमुना, आपली ती मुलगी, या हिशोबावर आपल्याकडे भलीभली माणसं सुखाने झोपतात. मुतलकने करारावर सही केली आणि तो शीळ घालत घरी आला.

त्या संध्याकाळी त्याच्या दिवानियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, रोजची सात माणसं जमली. गालिचा, उशा, खजूर, कोपऱ्यात शेगडीवर वेलदोड्याच्या चहाची मोठी किटली. मुतलकच्या उजव्या हाताला फुहैद बसला होता. दोघांनी वीज केंद्रात एकत्र तीस वर्षं काढली होती. फुहैद कमी बोलायचा. गेल्या वसंतात त्याने धाकट्या मुलीचं लग्न केलं होतं. समोर जफरान होता, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. त्याला कुठूनही काहीही आलं की तो पुढे पाठवायचा. आग विझवायची नोकरी सुटल्यावर त्याने हा उद्योग धरला होता.

"मिळाली एकदाची!" मुतलकने सांगितलं. "दीमा म्हणून आहे. काय काम, काय काम!"

"दीमा? थांब, तिची जाहिरात आलीये माझ्याकडे," जफरान म्हणाला, आणि फोन फिरू लागला.

जाहिरातीत एक नवरी नाचत होती. ओळख पटू नये म्हणून दीमाने तिच्या तोंडावर एक चमकता तारा चिकटवला होता. पण नवरी चपळ होती आणि तारा आळशी. ती डावीकडे गेली की तो उजवीकडेच रेंगाळायचा आणि तिचं अख्खं तोंड उघडं पडायचं. मग धापा टाकत यावा तसा तो मागून यायचा.

पहिल्याने ते पाहिलं, 'अस्तग़फिरुल्लाह', देवा माफ कर, म्हटलं आणि पुन्हा पाहिलं. दुसऱ्याने अस्तग़फिरुल्लाह आधीच म्हणून घेतलं आणि मग निवांत पाहिलं. तिसरा म्हणाला, "तारा चांगला आहे." फोन मुतलककडे आला. त्याने ओळखली. ही ती तिसावी, उजवा गाल अंधारातली. इथे तर गाल चांगला उजळला होता.

"बघ, फुहैद, बघ!" त्याने स्वतःच्या हाताने फोन मित्रापुढे धरला. "उजेड कसा घेतलाय बघ!"

मित्राचा आनंद म्हणून फुहैदने हसतच फोन घेतला. नवरी डावीकडे गेली. तारा मागे राहिला.

फुहैदचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच तोंडावर राहून गेलं, जणू उतरवायला तो विसरला. तो अगदी हळू म्हणाला, "तिच्या कपाळावरचं सोनं माझ्या आईचं आहे."

फुहैदने फोन गालिच्यावर पालथा ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो उठला, दाराशी गेला. सपाता शोधताना त्याचा पाय चुकीच्या जोडात गेला. एक स्वतःची आणि एक दुसऱ्याची अशा सपाता घालून तो निघून गेला. मुतलकने हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

"मला काय माहीत?" जफरान पुटपुटला. "मी तर फक्त पुढे पाठवलं."

"कुणाला?"

"ग्रुपवर."

"किती?"

"अकरा."

मुतलकने गालिच्यावरचा फोन उचलला, शेगडीकडे गेला, किटलीचं झाकण काढलं आणि फोन उकळत्या चहात टाकला.

"अरे, माझा फोन!"

फोन चहात एकदा वाजला. जफरानच्या बायकोचा असावा. मग गप्प झाला.

पण त्याने काय होणार होतं! किटलीत एक फोन उकळला. अकरा ग्रुप कोरडेच राहिले.

रविवारी सकाळी हनूफचा फोन आला.

"मिळाली का कुणी, बाबा?"

"मिळाली होती. म्हणजे... मिळाली आहे."

"नमुने पाहिले आत्याने?"

"आत्याला दिसत नाही गं."

"मग कुणी पाहिले?"

मुतलक चष्मा पुसू लागला.

"किती पाहिलेत, बाबा?"

"एक्केचाळीस."

फोनमधून वॉर्डातल्या बाळांचं रडणं ऐकू येत होतं.

"म्हणजे पुढच्या बापासाठी मी बेचाळिसावी," हनूफ म्हणाली.

"नाही गं! मी करारात..."

"त्या सगळ्यांच्या बापांनी करारच केले असतील ना? बाबा, मला फोटोच नकोत. एकही नको. रद्द करा."

"अगं, असं काय करतेस! मग मी तुला बघणार कधी?"

हे वाक्य त्याने आजवर कुणासमोर काढलं नव्हतं. मोठ्या माणसाने काढायचं वाक्यच नव्हतं ते. ते बाहेर पडलं आणि तो उगाच खोकला.

"माहीत आहे मला," पलीकडून हनूफ म्हणाली. तिचाही आवाज बरा नव्हता. "म्हणूनच तर तुम्हाला शोधायला सांगितलं होतं."

मुतलकने दीमाला फोन लावला. बुकिंग रद्द केलं आणि म्हणाला, "आणि ती नाचणारी मुलगी. ती जाहिरात आधी काढून टाक."

"पण काका, परवानगी आहे आमच्याकडे! करारातलं एकोणिसावं कलम. जाहिरातीसाठी वापरता येईल असं लिहिलंय, त्यावर सही आहे."

"तिची?"

"तिची कशाला? करार तिच्या दिराने केला."

मुतलकने स्वतःचा करार काढून एकोणिसावं कलम शोधलं. अक्षरं मुंगीएवढी होती. खाली सही त्याचीच होती, ठसठशीत, शेपटीसकट.

दुपारी तो उम्म गानिमच्या दारात उभा राहिला. गझवा सोबत होतीच. दार उघडल्यावर उम्म गानिमने काही विचारलं नाही. माणूस कुठून फिरून आलाय हे तिला बहुधा चेहऱ्यावरून कळायचं.

"गुरुवार मोकळा आहे?" मुतलकने विचारलं.

"आहे. माझे गुरुवार बरेचदा मोकळे असतात. लोकांना कलिंगड कापून हवं असतं."

"मला आता काही बघायचं नाही. तुम्ही फक्त या. माझी मुलगी फोटोच नको म्हणतेय. तिला तुम्हीच सांगा, ती कात्री दाखवा, काहीही करा. पण या!"

"तिच्याशी मी बोलेन. ती नको म्हणाली तर मात्र येणार नाही, हे आधीच सांगते. पण न बघता माणूस ठरवू नये, बू हनूफ. नमुना दाखवते. बसा तिथे."

तिने कपाटातून कॅमेरा काढला. मुतलक गोंधळला. त्याने गुत्रा सारखा केला, पोट आत घेतलं, मिशीवरून हात फिरवला. उम्म गानिम कॅमेरा हातात धरून नुसती थांबली. पोट किती वेळ आत धरणार? ते बाहेर आलं.

"त्या दुसऱ्या ठिकाणी किती जणी पाहिल्या?" तिने सहज विचारलं.

"एक्केचाळीस."

"किती आठवतात?"

मुतलकने खाली पाहिलं. "एक," तो म्हणाला.

कॅमेऱ्याचा आवाज झाला.

कोपऱ्यातल्या यंत्रातून फोटो बाहेर आला. मुतलकने तो हातात घेतला. ओले डोळे, लोंबलेला जबडा, आणि खाली, चित्राच्या कडेला, उघडा पडलेला उजवा हात. ज्या हाताने फुहैदला फोन दिला तो. काही झाकलेलं नव्हतं आणि काही वाढवलेलंही नव्हतं. आपण असे दिसतो हे त्याला साठ वर्षांत कुणी इतक्या नीट सांगितलं नव्हतं.

"काम येतं तुम्हाला," तो कसाबसा म्हणाला.

"येतं. हा एकच नमुना, आणि तोही तुमच्या मालकीचा." उम्म गानिमने कॅमेऱ्यातून कार्ड काढलं आणि त्याच्यासमोर कात्रीने कापलं. दोन तुकडे टोपलीत पडले. "माझ्यापुढे माणूस उभा राहतो तेव्हा तो नटलेला असतो, पण सावध नसतो. नाचतो, रडतो, आईच्या गळ्यात पडतो. माझ्यावर भरवसा ठेवून तो तसा वागतो. तो भरवसा मी दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर मांडून ठेवला, तर मग माझा धंदा फोटोचा नाही राहिला. आणि बघणाराही काही मोकळा सुटत नाही, बू हनूफ. बघणारे आहेत म्हणून दाखवणारे आहेत."

"दाखव की फोटो!" गझवाने हात पुढे केला.

मुतलकने फोटो झटकन अंगातल्या पायघोळ दिश्दाशाच्या खिशात घातला. "नाही."

"अरे, मी तुझी सख्खी बहीण! आणि तसंही मला कुठे काय दिसतंय?"

मोतीबिंदूची ही गझवाने दिलेली पहिली कबुली. पण मुतलकचं लक्ष नव्हतं. त्याचा हात खिशावर घट्ट दाबलेला होता. आपला एक साधा फोटो, अंगभर कपड्यांतला, आणि तो सख्ख्या बहिणीला दाखवायची आपली तयारी नाही! आणि त्या मुली! एक्केचाळीस जणी! त्यांना कुणी विचारलं होतं? आपण तर गालावरच्या अंधाराला नावं ठेवत बसलो होतो!

तो तिथून थेट फुहैदच्या घरी गेला. फुहैदने स्वतःच दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलला नाही.

"आत ये म्हणणार नाही मी."

"नको म्हणू. मी सांगायला आलोय. मी तिला दोनदा पाहिलं. काल दुपारी स्टुडिओत, ते तुला माहीत नाही. आणि संध्याकाळी. आणि फोन तुझ्या हातात मी दिला."

"ते मी विसरणार नाही," फुहैद म्हणाला.

"विसरू नकोस. तिला कळलंय?"

"तिला सगळ्यांच्या आधी कळलं. आठवडा झाला. आम्हालाच बोलली नाही. सासरचे म्हणतात, नाचायला कुणी सांगितलं होतं?"

"स्वतःच्या लग्नात?"

"स्वतःच्या लग्नात. सही त्यांच्याच पोराने केली, आणि विचारतात तिला. काल रात्रीपासून ती इथे आहे. जेवत नाही, मुतलक. खोलीतला आरसा तिने भिंतीकडे फिरवून ठेवलाय." त्याचा आवाज फुटला. "मी काय करू? मी तिचा बाप आहे आणि मला काही करता येत नाहीये!"

मुतलक म्हणाला, "अकरा ग्रुप आहेत. त्या सगळ्यांना घरं आहेत. घरांना दारं आहेत."

पुढचे तीन दिवस मुतलक, फुहैद आणि जफरान हे तीन म्हातारे दारोदार फिरले. गाडी जफरान चालवत होता. फोन नसल्यामुळे तो बऱ्याच वर्षांनी रस्त्याकडे बघून चालवत होता. प्रत्येक दारात मुतलक एकच सांगायचा: "ही जाहिरात मी पाहिली. चूक केली. तुझ्याकडेही आहे. पूस." काहींनी मान खाली घालून पुसली. एकाने शपथेवर सांगितलं की आपण पाहिलीच नाही, आणि मग चार ठिकाणांहून पुसली. एकाने ती रियाधला मेव्हण्याकडे पाठवली होती, मेव्हण्याने आणखी कुणाकडे. तिथे रस्ता संपला. सगळं पुसलं गेलं नाही, वाचकहो. मी खोटं सांगणार नाही. असलं काही एकदा हातातून सुटलं की ते सगळं परत कधीच येत नाही.

पण मंगळवारी फुहैदची मुलगी खोलीबाहेर आली, बापाबरोबर पोलिसांत गेली आणि दीमाविरुद्धच्या तक्रारीवर तिने सही केली. या वेळी सही तिची स्वतःची होती. दुसऱ्या दिवशी जाहिरात उतरली, ताऱ्यासकट. त्या मुलीचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तिला पुरेशा लोकांनी पाहिलंय.

हनूफने मंगळवारी ड्यूटी संपवून उम्म गानिमला फोन केला. दोघी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या ते मुतलकला कळलं नाही. नंतर हनूफ एवढंच म्हणाली, "येऊ द्या त्यांना."

गुरुवारी हॉलच्या दारात उम्म गानिमने एक धिप्पाड बाई उभी केली आणि प्रत्येकीचा फोन कापडी पिशवीत घालून बांधून ठेवला. गझवाने तमाशा केला.

"नवरीची आत्या आहे मी!"

"म्हणून तर तुमची पिशवी मखमली आहे," उम्म गानिम म्हणाली.

मुतलक भिंतीपलीकडे, पुरुषांच्या बाजूला बसला होता. लोक मिठ्या मारत होते, अभिनंदन करत होते. भिंतीतून ढोल ऐकू आला, बायकांच्या किलकाऱ्या ऐकू आल्या, आणि तो भिंतीकडे बघत राहिला. भिंत पांढरी होती. शेवटच्या पाच मिनिटांत तो आत गेला तेव्हा काळ्या अबायाच्या आत त्याची मुलगी होती. तिने आतूनच त्याचा हात दाबला.

दहा दिवसांनी अल्बम आला. एकच प्रत. कार्डाचे दोन तुकडे हनूफच्या समोर झाले. विमानाला पाच दिवस उरले होते. दुपारी ती बापाजवळ येऊन बसली आणि तिने अल्बम त्याच्या मांडीवर ठेवला.

मुतलकने तो उघडला नाही. त्याचे दोन्ही हात कव्हरवर होते. याच्यासाठी तो गावभर फिरला होता, रडकुंडीला आला होता. आता फक्त पान उलटायचं होतं.

"बघू?" त्याने विचारलं.

आणि उत्तराची वाट बघत तो थांबला. खरोखर थांबला. ती नाही म्हणाली असती तर त्याने अल्बम तसाच परत दिला असता, आणि हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. हनूफने लगेच हो म्हटलं नाही. तिने विचार केला. मुलींना असा विचार करायला आपण कधी वेळच देत नाही!

"बघा, बाबा," ती म्हणाली.

त्याने पहिलं पान उलटलं. तिथे काय होतं ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. मुतलक त्या पानावर इतका वेळ थांबला की समोरचा चहा निवून गेला, एवढं मात्र खरं.

तेव्हा बंधुभगिनींनो, घरात लग्न असेल तर फोटोग्राफर ठरवायला वेळेवर जा, आणि झुंबरं मोजण्याआधी जा. त्याला कॅमेऱ्याचं नाव विचारा, हरकत नाही. पण आधी हे विचारा की काम झाल्यावर आमचे फोटो तुमच्याकडे कुठे राहतील, आणि ते कोण बघेल. करार वाचा, मुंगीएवढी अक्षरंसुद्धा वाचा. सही ज्याचा फोटो आहे त्याने करावी, दिराने नव्हे. समोर नमुने पसरले गेले तर त्यांतल्या मुलींना विचारलंय का, असं विचारा. उत्तर मिळालं नाही तर चष्मा पुसू नका, उठा.

आणि कुणी तुमच्यापुढे फोन धरून 'बघ, बघ' म्हणालं, तर ती कुणाची तरी मुलगी आहे एवढ्यावरच विचार थांबवू नका. ती स्वतः कुणीतरी आहे. तिने तुम्हाला 'बघा' म्हटलेलं नाही.